बारा थेंब

"ताई, ते केटामाइन सेफ असतं ना गं?"

रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा फोन. त्याआधीच्या चार महिन्यांत त्याने स्वतःहून मला एकदाही फोन केला नव्हता. मी करायची, भावजय उचलायची, "झोपलाय ताई" म्हणायची, आणि तो झोपलेला नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक असायचं. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा आधी पोटात गोळाच आला. आणि मग हा प्रश्न. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "एकदम सेफ. अरे, अठ्ठावीस वर्षं मी ते लोकांना देतेय."

मी खोटं बोलले नव्हते. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या उशाशी उभी राहून "आता झोप येईल हं" म्हणणारी. केटामाइन हे माझ्या रोजच्या हाताळणीतलं औषध. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग असो, निखळलेला खांदा बसवायचा असो, अपघातात रक्त जाऊन बीपी तळाला गेलेला रुग्ण असो किंवा सुई पाहूनच किंचाळणारं लहान मूल, अशा वेळी ट्रेमधल्या बाकीच्या बाटल्या सोडून हात तिकडेच जातो. भुलीची बहुतेक औषधं श्वास मंदावतात आणि बीपी पाडतात. केटामाइनवर मात्र माणूस आपला श्वास आपण घेत राहतो आणि बीपी उलट थोडं चढतं. फार भरकन दिलं तर श्वास क्षणभर थांबू शकतो, तोंडात लाळ साठते, क्वचित स्वरयंत्र आवळतं, म्हणून ऑक्सिजन आणि लाळ ओढून घेणारं सक्शन हाताशी असल्याशिवाय ते द्यायचं नाही. एवढं सांभाळलं की ते फार भरवशाचं औषध आहे. जिथे व्हेंटिलेटर नाही, विजेचा भरवसा नाही, अशा ठिकाणीसुद्धा त्याच्या बळावर शस्त्रक्रिया होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षांपासून आहे.

ते बनलं १९६२ साली, पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. त्याआधी फेनसायक्लिडीन नावाचं औषध होतं. भूल छान द्यायचं, पण जागं होताना रुग्ण तासन्‌तास भ्रमात असायचे. त्याच जातीचं, पण लवकर उतरणारं काहीतरी हवं होतं. पहिल्या स्वयंसेवकांना ते दिलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही तरंगत होतो, हातपाय आमचे नव्हतेच. त्या अवस्थेला नाव काय द्यायचं यावर, ही चाचणी घेणारे डॉ. एडवर्ड डोमिनो घरी बोलत असताना त्यांच्या पत्नीने 'डिसोसिएटिव्ह' हा शब्द सुचवला, म्हणजे स्वतःपासून सुटं झालेलं. १९७० मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते भरपूर वापरलं गेलं.

केटामाइनखालचा माणूस झोपल्यासारखा दिसत नाही. डोळे उघडे असतात. बुबुळं हळूहळू एका कडेला सरकतात आणि झटक्यात परत येतात, पुन्हा सरकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना भीती वाटते, म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवते. जागं होताना काही रुग्ण बरळतात. एक बाई मला आठवतात, दोन्ही हात भाजलेल्या. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग व्हायचं. एकदा शुद्धीवर येताना त्या म्हणाल्या, "मी वर छताला होते. खाली कुणीतरी बाई रडत होती, मला तिची फार दया आली." आम्ही काय केलं? शिरेतून थोडं मिडॅझोलम, म्हणजे गुंगीचं औषध, दिलं आणि फाइलमध्ये लिहिलं: रुग्ण असंबद्ध बोलत होती, आता शांत. पुढच्या ड्रेसिंगला मिडॅझोलम आधीच दिलं, म्हणजे बोलणंच नको. एवढ्या वर्षांत त्या अनुभवाकडे मी दुष्परिणाम म्हणूनच पाहिलं, पुसून टाकायची गोष्ट म्हणून. माझा भाऊ तोच अनुभव जागेपणी, ठरवून, आठवड्यातून दोनदा घेणार होता.

तो दोन वर्षांपासून आजारी होता. कशाचं दुःख आहे, असं लोक विचारायचे. नोकरी होती, घर होतं, माणसं होती. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "वाईट वाटत नाही गं ताई, काहीच वाटत नाही. वाईट वाटलं तरी चालेल." पहिलं औषध पुरेशा मात्रेत आठ आठवडे झालं. मग दुसरं झालं. मग दुसऱ्याच्या जोडीला लिथियम, मग तिसरं. दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधं योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही की डॉक्टर त्याला 'औषधांना दाद न देणारं नैराश्य' म्हणतात. हे शब्द ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मी दाद देत नाही." तेव्हापासून मी ते शब्द त्याच्यासमोर उच्चारत नाही. दाद औषध देत नाही, माणूस नव्हे. आणि असा तो एकटाही नव्हता. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या स्टार-डी या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक बरे झाले. पुढच्या प्रत्येक पायरीला हे प्रमाण घटत गेलं, आणि चार पायऱ्यांनंतरही जवळपास एक तृतीयांश लोक आजारीच राहिले. नंतरच्या एका फेरविश्लेषणात तर बरे झालेल्यांचा आकडा आणखी खाली आला.

त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दोन रस्ते समोर ठेवले: ईसीटी, ज्याला लोक शॉक म्हणतात, किंवा केटामाइन. त्यांनी एकाचीही जाहिरात केली नाही, हे मला आवडलं. २०२३ मध्ये अमेरिकेत ४०० च्या आसपास रुग्णांवर या दोहोंची थेट तुलना झाली. मनोविकृतीची लक्षणं नसलेल्या या रुग्णांत केटामाइनला ५५ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, ईसीटीला ४१ टक्क्यांनी. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या स्वीडनमधल्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल असलेल्या जास्त गंभीर रुग्णांत, ईसीटी पुढे होती. बाईंनी दोन्ही आकडे सांगितले. ईसीटीने स्मरणशक्तीवर परिणाम होईल, अशी भावाला धास्ती होती. त्याने केटामाइन निवडलं, आणि त्या रात्री मला फोन केला.

आता मात्रेचं गणित सांगते, कारण मला पहिला धक्का तिथेच बसला. आजारपणात त्याचं वजन ६२ किलोवर आलं होतं. नैराश्यासाठी शिरेतून द्यायची रूढ मात्रा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तीही ४० मिनिटांत. म्हणजे ३१ मिलिग्रॅम. याच माणसाचा मोडलेला हात बसवायला मी एका मिनिटात त्याच्या चौपट सहज दिलं असतं. आमच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे त्याच्या वाट्याला ०.६२ मिलिलिटर, थेंबांत मोजलं तर जेमतेम बारा. सिरिंजमध्ये ओढलं तर तळाशी एक बोटाच्या पेराएवढीही रेघ दिसत नाही. दोन वर्षांत कशालाच न हललेलं काहीतरी या बारा थेंबांनी हलेल, यावर माझ्यातल्या भूलतज्ज्ञाचा विश्वास बसेना.

पण ते २००० सालीच दिसलं होतं. येल विद्यापीठात अवघ्या सात रुग्णांवर हीच मात्रा, हीच ४० मिनिटं. नेहमीच्या गोळ्यांना चार-सहा आठवडे लागतात, इथे काही तासांत फरक पडला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १८ रुग्णांवर अभ्यास झाला. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा अधिक कमी झालेली होती. आठवडाभर टिकलेले मात्र ३५ टक्केच. माझ्या व्यवसायातल्या कितीतरी जणांना यातला पहिला आकडा पाठ आहे. दुसरा विचारला तर आठवावा लागतो.

हे होतं कसं? नेहमीच्या गोळ्या बहुतांशी सेरोटोनिन आणि तत्सम रसायनांवर काम करतात. केटामाइन ग्लुटामेट या मेंदूतल्या सर्वात मुबलक संदेशवाहकाची एक विशिष्ट जागा, एनएमडीए रिसेप्टर, अडवतं. त्यातून एक साखळी सुरू होते आणि चेतापेशींच्या सुकलेल्या जोडण्यांना पुन्हा धुमारे फुटतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. सगळी कोडी सुटलेली नाहीत. भुलीखाली, म्हणजे रुग्ण पूर्ण बेशुद्ध असताना, केटामाइन द्यायचं की नुसतं सलाइन, असा ४० जणांचा एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतले लोक जवळपास सारखेच सुधारले. मी तो शोधनिबंध दोनदा वाचला. परिणामात औषधाइतकाच आशेचाही वाटा असू शकतो, असं तो सुचवतो, आणि आशेचा प्रश्न आमच्या घरात पुढे मोठा होणार होता.

पहिल्या दिवशी मी नातेवाईक म्हणून गेले. हे मला जमेना. औषध सोडणाऱ्या पंपावरचा आकडा मी तीनदा वाचला, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का ते पाहिलं, नर्सला बीपीचा पट्टा जरा वर बांधायला सांगितला. तिने ऐकलं, मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना त्यांच्याजवळ." मी बसले. बीपी १२४ वर ८० होतं. विसाव्या मिनिटाला १४८ वर ९२ झालं, आणि एवढं चढणं अपेक्षितच असतं. म्हणूनच ज्यांचं बीपी आधीच हाताबाहेर आहे, ज्यांच्या मेंदूतल्या किंवा छातीतल्या रक्तवाहिनीला फुगा आहे, ज्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. आवाज ऐकू येणं, भास होणं असे आजार असतील तरीही डॉक्टर सहसा टाळतात. भावाच्या चेहऱ्यावरची घडी मोडत गेली. डोळे अर्धे उघडे. तिसाव्या मिनिटाला त्याने उजवा हात उचलून चेहऱ्यासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिला. "कुणाचाय?" त्याने विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे त्या भाजलेल्या बाई उभ्या राहिल्या. या वेळी मी मिडॅझोलम मागितलं नाही. "तुझाच," म्हणाले आणि तो हात धरून बसले.

४० मिनिटं संपली, पण घरी जायची परवानगी नव्हती. बीपी खाली यायला हवं, चक्कर थांबायला हवी, चालता यायला हवं, रात्रीची पूर्ण झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी चालवायची नाही. खाली आल्यावर त्याने किल्ली मागितली. मी दिली नाही. "मी ठीक आहे, मला कळतंय ना माझं!" तो चिडला, पार्किंगमध्ये उभं राहून माझ्याशी पाच मिनिटं तावातावाने भांडला. गाडी मीच चालवली. घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत तो कुणाशी भांडलाच नव्हता. भांडायलाही माणसाजवळ काहीतरी असावं लागतं.

दुसऱ्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती कुजबुजत होती, "ताई, त्यांनी नेलकटर मागितलं." त्याची नखं कित्येक आठवडे वाढलेली होती, ती कापू का म्हटलं तर तो हात मागे घ्यायचा. आता तो खिडकीशी बसून एकेक नख कापत होता. ती दाराआडून बघत होती. आम्ही दोघी फोनवर काही बोललो नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती, तर माझं त्या रात्रीचं उत्तर बरोबर ठरलं असतं. तीन आठवड्यांत सहा वेळा ते झालं. चक्कर, मळमळ, एकदा जोरात डोकेदुखी, बास. एस्केटामाइनचा नाकातला फवारा म्हणजे केटामाइनच्याच रेणूचा एक आरसा-अर्धा भाग. त्यावर ८०२ रुग्णांना वर्षभरापर्यंत पाहणारा जो अभ्यास झाला, त्यातही वारंवार आढळलेल्या तक्रारी याच होत्या: चक्कर, सुटं झाल्यासारखं वाटणं, मळमळ, डोकेदुखी. बहुतेक त्याच दिवशी यायच्या आणि त्याच दिवशी जायच्या. या फवाऱ्याला अमेरिकेत ५ मार्च २०१९ रोजी मंजुरी मिळाली, पण कडक अटींवर. फवारा घरी न्यायचा नाही, दवाखान्यातच घ्यायचा, नंतर किमान दोन तास तिथे थांबायचं. मंजुरीच्या वेळी वादही झाला. चाचण्यांमध्ये फवारा घेणाऱ्यांपैकी सहा जणांचा मृत्यू झाला होता, त्यातले तीन आत्महत्येने. औषधाचा त्याच्याशी कार्यकारण संबंध तपासणाऱ्यांना दिसला नाही. मुळात ज्यांच्यात हा धोका आधीच मोठा असतो अशांवरच हे औषध तपासलं जात होतं. पण ते सहा मृत्यू नोंदीत आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय 'सेफ' म्हणणं मला आता जमत नाही.

सहावं झाल्यावर अठरा दिवसांनी तो पुन्हा खाली उतरू लागला. आधी फोन कमी झाले, मग आंघोळ टळू लागली. एकदा देऊन भागणारं हे औषध नव्हतं. आणि तेव्हा माझ्या उत्तरातली फट मला दिसली. मी केटामाइनला मिनिटांत ओळखते. पहिल्या मिनिटाला काय होईल, दहाव्याला काय, तासाभराने काय, हे मी झोपेतही सांगेन. माझा रुग्ण एकदा येतो, क्वचित दहा-बारा वेळा, आणि जातो. भावाला मात्र ते महिनोन्‌महिने लागणार होतं, कदाचित वर्षं. त्या मापाने मी या औषधाला कधी पाहिलंच नव्हतं. २०१७ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेतल्या तज्ज्ञांनी एक निवेदन काढलं, त्यातही हीच चिंता होती: थोड्या डोसांची माहिती आहे, दीर्घकाळ वारंवार देण्याची फार कमी. बरं, शिरेतून द्यायचं साधं केटामाइन नैराश्यासाठी आजही मंजुरीबाहेरच वापरलं जातं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं, मग वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? ज्याचा नफा नाही त्याची माहितीही जमत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मग मी लघवीविषयी वाचू लागले. नशेसाठी केटामाइन घेणाऱ्या लोकांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होते, हे २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. आतलं अस्तर सोलवटतं, पिशवी आकसते, दर पंधरा मिनिटांनी जावं लागतं, रक्त येतं. काही तरुणांचं मूत्राशय काढावं लागलं आहे. हे लोक रोज एकेक ग्रॅम, कधी त्याहून जास्त घेतात. एका ग्रॅममध्ये माझ्या भावाचे बत्तीस डोस बसतात. अंतर प्रचंड आहे. त्या ८०२ जणांच्या अभ्यासातही असा मूत्राशयाचा आजार आढळला नाही. तरीही पुढच्या भेटीला मी भावाला सरळ विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठतोस?" तो हसला. "ताई, हे काय विचारतेस?" पण मोठ्या बहिणीने नाही विचारायचं तर कुणी? त्यानंतर त्याने एक वही केली. तारीख, बीपी, मनाला दहापैकी गुण, आणि चौथ्या रकान्यात रात्री किती वेळा उठलो. दर काही महिन्यांनी लघवीची आणि यकृताची तपासणी, कारण वारंवार केटामाइन दिल्यावर यकृताची विकरं वाढल्याच्याही नोंदी आहेत.

मध्येच त्याने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. घरबसल्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, डॉक्टर व्हिडिओवर. दवाखान्याच्या फेऱ्यांना तो कंटाळला होता, मी समजू शकत होते. पण मी त्याच्याशी इतक्या कडक आवाजात क्वचितच बोलले असेन. शिरेतून दिलेलं औषध सगळंच्या सगळं रक्तात जातं. तोंडावाटे घेतलेल्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. बीपी किती चढलं हे पाहायला घरी कोण आहे? श्वास मंदावला तर? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशाच घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला, त्यात दवाखान्याबाहेर तोंडावाटे केटामाइन घेतल्यावर श्वास मंदावलेल्या एका रुग्णाचं उदाहरण होतं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अभिनेता मॅथ्यू पेरी यांचा मृत्यू झाला. तेव्हा भावजय घाबरून म्हणाली, "ते पण हेच घेत होते ना?" हो, दवाखान्यात त्यांचे उपचार चालू होते. पण शवविच्छेदन अहवालाने स्पष्ट सांगितलं की शेवटचा उपचार आठवड्याहून आधी झाला होता, आणि केटामाइन तर तीन-चार तासांत रक्तात निम्म्यावर येतं. त्यांच्या रक्तात सापडलं ते पूर्ण भुलीच्या पातळीचं होतं, दवाखान्याबाहेर मिळवलेलं. पुढे ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांत डॉक्टरही होते. माझ्याच पेशातली शपथ घेतलेली माणसं. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि मग ती संध्याकाळ. दर तीन आठवड्यांवर अंतर आलेलं. पुढच्या तारखेला अजून नऊ दिवस होते. "ताई, जरा आधी करता येईल का गं? डॉक्टरांना तू सांगून बघ." त्याच्या आवाजात घाई होती. ही घाई कुठली? बुडायला लागलेल्या माणसाने हात वर करावा तशी, की त्या तरंगण्याची तलफ? केटामाइनची चटक लागू शकते, मी स्वतः ऑपरेशन थिएटरच्या कपाटातल्या बाटल्या मोजून कुलूप लावणारी बाई. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात, शरीरातल्या अफूसारख्या यंत्रणेला अडवणारं नाल्ट्रेक्सोन आधी दिलं तर केटामाइनचा नैराश्यावरचा परिणाम बराच मावळला, असंही दिसलं होतं. ते सगळं त्या एका वाक्याच्या मागे उभं राहिलं. दुसऱ्या बाजूने, औषध थांबवलं तर काय होतं तेही मला माहीत होतं. एस्केटामाइनने स्थिर बरे झालेल्यांपैकी ज्यांचा फवारा नकळत बंद केला त्यांच्यात ४५ टक्क्यांचा आजार उलटला, ज्यांचा चालू ठेवला त्यांच्यात २७ टक्क्यांचा. मी त्याला विचारलं, "त्या चाळीस मिनिटांची आठवण येते का?" तो थोडा वेळ गप्प होता. "नाही गं. ती चाळीस मिनिटं मला आवडत नाहीत. नंतरचा मंगळवार आवडतो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि तरीही बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, तलफेच्या शंकेसकट. त्याला तसं सांगूनच सांगितलं. बाईंनी तारीख आधी घेतली नाही, समुपदेशनाची बैठक मात्र दुसऱ्याच दिवशी ठेवली.

अजून एक गोष्ट, कुठल्याही पत्रकात छापलेली नसते. आमच्या नात्यातले लोक भावाला धीर देताना म्हणायचे, "हा शेवटचा उपाय आहे, याने नक्की होईल." मी हात जोडून सगळ्यांना विनंती केली, 'शेवटचा' हा शब्द या घरात नको. केटामाइनला प्रतिसाद न देणारे पुष्कळ असतात. वर दिलेले आकडे पाहा, प्रत्येक ठिकाणी उरलेले लोक आहेत. शेवटचं म्हणून ज्याला दार दाखवलं आणि ते उघडलं नाही, तो माणूस दारापाशी काय विचार करत बसेल? ईसीटी होती, इतर औषधं होती, ती आहेत. बारा थेंबांवर एवढं ओझं टाकू नये. माझ्या मते या उपचारातला सगळ्यात दुर्लक्षित धोका हा आहे, आणि तो मॉनिटरवर दिसत नाही.

मागच्या महिन्यात भावाने मला त्या पहिल्या फोनची आठवण करून दिली. "तू एकदम सेफ म्हणाली होतीस." मी म्हणाले, चुकलेच. मग त्याला हवं होतं ते उत्तर द्यायचा प्रयत्न केला. त्या खुर्चीत, त्या नर्ससमोर, त्या मात्रेत, आजच्या दिवसापुरतं मी तुझ्याबद्दल निश्चिंत असते. पाच वर्षांनी तुझ्या मूत्राशयाचं, स्मरणशक्तीचं काय, याचा हवाला माझ्याकडे नाही, म्हणून ती वही. आणि तू काहीच न घेता त्या खोलीत पडून होतास ती दोन वर्षंही सुरक्षित नव्हती. तेव्हा तुझं बीपी छान असायचं. तो ऐकत होता. "हे तेव्हा सांगितलं असतंस तरी मी आलो असतो," म्हणाला.

काल त्याची तारीख होती. आता अंतर पाच आठवड्यांवर आलंय. आत जाण्याआधी त्याने न मागता गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन तासांनी तो बाहेर आला, थोडा फिकट, पावलं जपून टाकत. गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी सहा आठवडे करून बघूया का? जमेल ना?"

हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"बाईंना विचारू," मी म्हणाले. "वही घेऊन जाऊ."